नेरकडचा पळस आणि कमलकाकूंची बिनधुराची चूल

खरं सांगायचं तर मी पळस बघायला गेले होते. फेब्रुवारीच्या शेवटी यवतमाळकडचा पळस असा फुलतो की पानं दिसतच नाहीत, हे माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली दरवर्षी ऐकवायची. ती नेरला शाळेत शिकवते. यंदा म्हटलं, पुरे झालं ऐकणं. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी बडनेऱ्याला उतरले.

जाणार असाल तर हाच मार्ग सोपा. बडनेऱ्याहून यवतमाळकडे जाणारी एसटी पकडायची, बाईमाणसाला अर्धं तिकीट, आणि दीडेक तासात नेर. रस्ता बराचसा चांगला आहे, मधे काम चालू होतं तिथे धूळ खावी लागली. स्टँडसमोर आलूबोंड्यावर तर्री ओतून देतात, ती न खाता पुढे जाऊ नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा, कारण फेब्रुवारीतच ऊन डोक्यात शिरत होतं.

पळस खरोखर पेटलेला होता. फोटो भरपूर काढले, खाली दिलेत. पण हा लेख त्या फुलांचा नाही, कारण दुसऱ्या दिवशी जे बघितलं त्याने माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

वैशालीच्या काकू, कमलकाकू, नेरपासून थोड्या अंतरावरच्या गावात राहतात. गावाचं नाव लिहीत नाही; त्यांना तिथेच राहायचं आहे. शेअर रिक्षाने पहिल्याच संध्याकाळी पोहोचलो. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगण शेणाने सारवलेलं. अंगणाच्या एका कोपऱ्यात जमीन काळपट होती, तिथे काहीतरी बरीच वर्षं रचून ठेवलेलं असावं. वैशाली म्हणाली, हा पऱ्हाट्यांचा कोपरा. एरवी या दिवसांत इथे माणसापेक्षा उंच ढीग असतो.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. शेवटची वेचणी झाली की शेतात नुसत्या काड्या उभ्या राहतात. त्या उपटून शेत मोकळं करून द्यायचं आणि मजुरीऐवजी पऱ्हाट्या घरी न्यायच्या, ही इकडची जुनी रीत. शेतवाल्याचं काम फुकट होतं आणि बिनशेतीच्या घरात वर्षभराचं सरपण येतं. काकूंची चूल लग्न झाल्यापासून याच काड्यांवर चालली. सिलिंडरही आहे घरात, पण तो भरून आणणं परवडत नाही म्हणून त्यावर घागर ठेवलेली.

आणि स्वयंपाकघरात एक नवी कोरी चूल होती. बिनधुराची, स्टीलची. बाजूला तिचा खोका, त्यावर मोठं हिरवं पान छापलेलं. गावात मंडप घालून बायकांना या चुली फुकट वाटल्या, पाहुणे पृथ्वीच्या तापमानावर बोलले, फोटो काढले. चूल चालते कांड्यांवर. खडूएवढ्या, दाबून केलेल्या. पहिली पिशवी चुलीसोबत मिळाली, ती संपली. पुढची नेरच्या दुकानातून विकत. मी विचारलं, कांड्या कशाच्या करतात?

"पऱ्हाटीच्याच," काकू म्हणाल्या.

आधी मला वाटलं त्या माझी फिरकी घेतायत.

तर प्रकार असा. पलीकडच्या रस्त्यावर कारखाना आला आहे. त्याचं मशीन शेतात येतं, पऱ्हाट्या मुळासकट ओढून तिथेच भुगा करतं आणि ट्रॉली भरून नेतं. त्यातला थोडा माल दुकानात येतो, बाकीचा दूरच्या वीजकेंद्रात कोळशात मिसळून जाळायला. गावातली शेतं एकेक करून गेली. गजाननरावांचं नाल्याकाठचं शेत तेवढं उरलं होतं. पऱ्हाट्या तुम्हीच न्या, असं ते काकूंना बोललेले होते, आणि काकूंनी नि त्यांच्या जावेने त्याच दिवशी उपटायला सुरुवातही केली होती. त्या एका शेतावर त्यांचा पावसाळा निभणार होता.

सकाळी मीही सोबत गेले. उपटायचा लोखंडी चिमटा असतो, बुडाशी अडकवून हिसका द्यायचा. मी चार झाडांत हात सोलून घेतले, त्यावर दोघी जावा मनसोक्त हसल्या. बांधावर कालचा ढीग नीट रचून ठेवला होता. हसणं चालू असतानाच पलीकडच्या बांधावरून मशीन आलं, मागे ट्रॉली, आणि मोटरसायकलवर गजाननराव.

काकूंनी शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमी तं मले बोल्ले होते."

गजाननराव काही वाईट माणूस नाहीत. खाली बघूनच बोलले. "कमलबाई, कापसाले भाव नाई, घरात तसाच पडून हाये. तुमाले आठ दिस लागते, हे दुपारलोक रान मोकयं करून देते. बोंडअळीपायी पऱ्हाटी लवकर काढा म्हून कृषीवाले मांगं लागून राह्यले. म्या काय करू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण मग ट्रॉलीवाल्यांनी बांधावरचा ढीगही भरायला घेतला. काकू पुढे झाल्या, म्हणाल्या की हे आमच्या हातानं उपटलेलं आहे. कारखान्याचा सुपरवायझर, शर्टाच्या खिशावर तेच हिरवं पान, त्याने एवढंच विचारलं, "सातबारा तुमच्या नावावर आहे का?"

काकू दोन पावलं मागे सरल्या. मी गप्प बसणारी नव्हे. मी त्याला विचारलं, या बायकांनी आता काय जाळायचं? तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "मॅडम, त्यांना आम्ही चूल दिली ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळसा कमी जाळायला हवा, हे मला कोणी शिकवायला नको. इथलं ऊन वाढलंय, पाऊस बिघडलाय, भर वेचणीत कापूस भिजतो, त्याची झळ याच लोकांना आधी बसते. पण जगाने कोळसा सोडायचं ठरवलं, धोरणं आली, करार झाले, आणि पहिला हात घातला तो कोणाच्या सरपणात? जिच्या घरात दोन दिवे नि एक पंखा आहे तिच्या. शहरातला एकही एसी बंद झाला नाही. माझाही नाही. ज्या काड्या तिच्या चुलीत गेल्या तर मागासलेपण, त्याच वीजकेंद्राच्या भट्टीत गेल्या की हरित ऊर्जा. वर तिच्याच काड्या तिलाच विकत. याला लूट नाही तर काय म्हणायचं? मी हे सगळं त्याला ऐकवलं, आवाज चढवून. त्याने ऐकून घेतलं आणि तो ट्रॉली भरून घेत राहिला.

शेवटी गजाननराव म्हणाले, एक मोळी नेऊ द्या तिला. एक मोळी मिळाली. काकूंनी ती डोक्यावर घेतली, आणि परत येताना वाटेत पळस लागला तेव्हा मला म्हणाल्या, ताई, फोटो काढायचा असेल तर थांबते. मी नाही काढला.

त्या दुपारी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जुनी मातीची चूल, ज्वारीची भाकरी, मुंगवड्यांचा रस्सा, मिरचीचा ठेचा. मी पुरे पुरे म्हणत होते आणि काकू चुलीत काड्या सारत होत्या. इतकं चवदार जेवताना इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. निघताना बघितलं तर मोळी निम्मी संपली होती.

पुण्यात परतून पंधरवडा झाला. आमच्या सोसायटीच्या फाटकावर हरित इमारतीची पाटी आहे; येताजाता आता तीच आधी दिसते आणि तिच्यावरचं पान तर फारच ओळखीचं वाटतं. लेख लिहायच्या आधी काकूंना फोन केला. काय जाळताय, विचारलं. बांधावरच्या बाभळीच्या काटक्या, शेणाच्या गोवऱ्या, मिळेल ते. आणि ती नवी चूल?

"चूल हाये ना तशीच," काकू म्हणाल्या. "तिचा खोका मातर चांगला पेटला, ताई. दोन भाकरी झाल्या त्याच्यावर."