फाटक्या कागदाचा रेडिओ

मधू गेल्याचा निरोप अकोल्याहून आला, तेव्हा मी रेडिओचा आवाज कमी करत होतो. माझी ही जुनी खोड. मधू त्यावरून मला जन्मभर चिडवत आला. "तू तं बाप्पा, गाणं बी कानात बोटं घालून आयकतं!" त्याला जाऊन आता महिना होत आला, पण ते बटण हातात आलं की हे वाक्य ऐकू येतंच...

साठ सालच्या आगेमागे आम्ही अमरावतीत अंबागेटच्या आत शेजारी राहत होतो. मधूचे वडील, नाना, कीर्तनकार. आवाज निर्मळ, खणखणीत. मुलानंही गावं ही त्यांची इच्छा, पण चिरंजिवांचा आवाज फुटला तो घोगराच. मग पठ्ठ्यानं बेंजो धरला. तेवढ्यानंही समाधान होईना, म्हणून त्याच्या लाकडावर ग्रामोफोनचं सुईचं डोकं बांधलं आणि वायर घरच्या रेडिओत खुपसली. त्या रेडिओच्या स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडलेला. तार छेडली की असा घर्रर्र आवाज निघे की फळीवरची भांडी थरथरत. नाना बैठकीतून ओरडत, "भरडा दळून राह्यला का रे?" मेथी निवडता निवडता मधूची आई म्हणे, "दळू द्या न त्याले." मी कागद बदलायला सांगितलं, तर मधू म्हणाला, "काहून? मले असाच पायजे. गोड वाजवाले गाव पडलं हाय."

पुढच्या चैत्रात त्याची आई गेली. गावभर दुःखितांना चार शब्द सांगणारे नाना स्वतःच्या घरात मुके झाले. बापलेक समोरासमोर जेवत आणि एक शब्द बोलत नसत. मधू आतून कुढत होता. एका संध्याकाळी मी तिथं असताना त्यानं बेंजो घेतला आणि आईची अंगाई वाजवायला लागला. आधी हळू, मग बटण शेवटपर्यंत फिरवून. सूर फाटत होता, खरवडत होता. ते रडणं नव्हतं, देवाशी भांडण होतं.

नाना दारात येऊन उभे राहिले. आता बेंजो अंगणात जातो, या भीतीनं मी रेडिओच्या बटणाकडे धावलो. नानांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "वाजू दे त्याले."

आणि भिंतीला टेकून ते लहान मुलासारखे रडले. मधू वाजवतच राहिला. त्या दिवशी बापलेक जेवताना बोलले. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच... पण बोलले.

पुढे मधू नोकरीसाठी अकोल्याला गेला, रेडिओही सोबत नेला. कागद कधीच बदलला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. कुसुमवहिनींनी रेडिओवरचं कापड काढून तो लावला, बेंजो माझ्यापुढे ठेवला. "वाजवा न भाऊजी. घर लय गप झालं."

मला कुठलं वाजवता येतंय! तरी एक तार छेडली. घर्रर्र... कपाटाची काच थरथरली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. सवयीनं माझा हात बटणाकडे गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज मोठा केला.