टॉम्यांना हळदकुंकू

वसंत भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ओट्याशी उभी होते, गॅसवर दूध होतं. पलीकडे त्यांची मुलगी रेवा. "मावशी, बाबा इज नो मोर..." एवढंच बोलली. दूध उतू गेलं, मी जाऊ दिलं. त्याला आता काही आठवडे झाले. रडका लेख लिहायचा नाही असं मी ठरवून बसले आहे, कारण हा माणूस स्वतः कधी रडत बसला नाही आणि दुसऱ्यालाही त्याने फार वेळ रडू दिलं नाही.

नव्वदच्या दशकात आखातात, दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. भावजी बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलमध्ये इंजिनिअर, त्यांची बायको मीना माझी जिवाभावाची मैत्रीण. आम्ही सगळे एसी गाड्यांतून फिरायचो आणि हे गृहस्थ सेकंडहँड मोटरसायकलवरून! तिच्या टायरला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गावातली दुकानं मोटारींची नि ट्रकची. तिथे एकदा रिमला ओरखडे आले आणि पुढच्या सुट्टीत भावजी भारतातून तीन टॉम्या घेऊन आले. टॉमी म्हणजे टायरची कड रिमवरून उचकटायची, चपट्या टोकाची लोखंडी पट्टी. विमानतळावर "व्हॉट इज धिस, हबीबी?" असं विचारणाऱ्या कस्टमवाल्याला त्यांनी आपल्याच पायातल्या बुटावर प्रात्यक्षिक दाखवलं म्हणे... आणि सुटले!

नवा टायर चढवण्याआधी ते तो गच्चीवर उन्हात टाकायचे, म्हणजे रबर मऊ पडतं. ज्या उन्हाला आम्ही येता-जाता शिव्या घालायचो, त्याला कामाला लावणारे हे दोघेच नवरा-बायको. एकाच चादरीवर तिचे सांडगे आणि यांचा टायर. त्यावरून होणारी भांडणं आम्ही आवडीने ऐकायचो. दसऱ्याला मात्र मीना त्याच टॉम्या घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायची, दुबईहून आणवलेला झेंडू वाहायची.

रेवाने अठरा पूर्ण होताच मोटरसायकलचं लायसन्स काढलं आणि घरात ठिणगी पडली. तिला बाबांची गाडी हवी होती, डोंगरातून पार दुबईपर्यंत न्यायला. मीना म्हणाली, "त्या रस्त्यावर पंक्चर झालं आणि एकटी अडकली तर?" भावजी शांतपणे म्हणाले, "म्हणूनच अट आहे. चाक खोल, ट्यूब बदल, टायर परत चढव, एकटीने. मग किल्ली तुझी." पोरीने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फसला. टायरची शेवटची वीतभर कड बसेना की ती टॉमी घालून जोर करायची आणि टॉमीच्या टोकाने आतली नवीकोरी ट्यूब फाटायची. भावजी सांगून दमले, की तिथे हत्यार नाही, गुडघे वापर; समोरची कड रिमच्या खोलगट भागात दाब, इकडे आपोआप जागा होते. "आय नो, बाबा," म्हणायची आणि पुन्हा तेच.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आला. चार घरची मंडळी श्रीखंडपुरीला जमलेली. रेवा आली आणि तिने पाटावरच्या टॉम्या सरळ उचलल्या. मीना ओरडली, "अगं, पूजेतली हत्यारं उचलायची नसतात आज!"

"त्यांना काम दिलं की झाली पूजा," भावजी म्हणाले. "जा गं."

खाली पार्किंगमध्ये सगळे पुरुष सल्ले द्यायला गोळा. "ऐसे पकडो... यल्ला यल्ला, जोर लगाओ!" भावजी तेवढे हात पाठीमागे घट्ट बांधून उभे. शेवटची वीतभर कड राहिली. रेवाने टॉमी उचलली... बापाकडे पाहिलं... आणि ती खाली टाकून दिली. उठली, चाकाच्या पलीकडे गेली, दोन्ही गुडघे कडेवर रोवले आणि नुसत्या तळहातांनी राहिलेली कड आत ढकलली. टप्‌कन बसली! हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा नाही. "खलास!" पोरगी किंचाळली आणि आम्ही सगळ्यांनी एकच गलका केला. चाक गाडीला चढल्यावर भावजींनी खिशातून किल्ली काढली. म्हणजे ती ते सकाळपासूनच खिशात घेऊन फिरत होते! त्यानंतर रेवाने पहिली सवारी कुणाला दिली असेल? "आई, बस." आणि मीना बसली, पैठणी गुडघ्यापर्यंत खोचून. समुद्राच्या रस्त्याने दोघी गेल्या आणि भावजी उन्हात उभे राहून कितीतरी वेळ हसत होते. इतका आनंदी माणूस मी नंतर क्वचितच पाहिला.

परवा दसरा झाला. त्यांच्याकडे यंदा वर्षभर सण नाही, म्हणून संध्याकाळी मी फुजैऱ्याला मीनाला जपूनच फोन केला. आवाज खणखणीत होता तिचा. म्हणाली, "पाट मांडला नाही, हळदकुंकूही नाही. सकाळीच गच्चीवर नवा टायर उन्हात टाकलाय. रेवा ऑफिसातून येईलच आता... टॉम्या खाली नेऊन ठेवल्यात मी."