माणिकबाईंचं सरपण

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माणिकबाई मडक्यांना बाहेरून काजळी फासत बसल्या होत्या. चिखलदऱ्याच्या थंडीत, सकाळी दहा वाजता. हे काय चाललंय विचारलं, तर म्हणाल्या, "काळं मडकं ऊन जास्त पेते, साहेब. दिवसभर पेते अन् रातच्याले रोपाले देते."

मला हसू आलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

माणिकबाई मूळच्या तेल्हाऱ्याकडच्या. सासरी-माहेरी भाजीपाल्याचाच धंदा. आठ वर्षांपूर्वी नवरा देवीदासजींसोबत त्या वर चिखलदऱ्याला आल्या आणि मक्त्याच्या तुकड्यात स्ट्रॉबेरी लावू लागल्या. जन्मभर उन्हाशी भांडलेली बाई इथं दहिवराशी, रात्री पानांवर गोठणाऱ्या दवाशी, भांडायला शिकली. रोपांच्या मधे पाण्यानं भरलेली काळी मडकी ठेवायची, आणि दिवस कलला की वरून तुराट्यांच्या ताट्या झाकायच्या. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, माहेरच्या वावरातून यायच्या.

मी अमरावतीचा. आमच्या संस्थेचा थंड भागातल्या शाश्वत शेतीचा प्रकल्प माझ्याकडे होता. हिमाचलात पाच दिवसांचं प्रशिक्षण काय घेतलं, मी पार उतू चाललो होतो. माणिकबाईंचा मळा मी नमुन्याचा मळा म्हणून निवडला. तो साधला तर पुढच्या वर्षीची रोपं आणि शेडनेट त्यांना प्रकल्पातून मिळणार होतं, आणि त्या भरवशावर त्यांनी शेजारचा तुकडाही नांगरून ठेवला होता. मी ताट्या काढायला लावल्या, मडकी उचलायला लावली आणि प्लास्टिकचे बोगदे केले. प्लास्टिक कमी पडू नये म्हणून कमानी वीतभर बुटक्या ठेवल्या.

"साहेब, पन्नी पानाले टेकून राहिली," माणिकबाई म्हणाल्या. "टेकली का तिथंच दव गोठते."

"बाई, मी बर्फात जाऊन शिकून आलोय."

त्यांनी पन्नी तशीच ताणून बांधली. शिकलेल्या माणसाचा शब्द त्यांच्या घरी कुणी खाली पडू देत नसे. ही त्यांची चूक म्हणायची तर म्हणा. मी तिचा फायदा घेतला.

जानेवारीत दहिवर पडलं. सकाळी प्लास्टिक उचललं, तर नऊच्या नऊ वाफे उकडलेल्या पालकासारखे काळे. चार दिवसांनी संस्थेचे मोठे साहेब पाहणीला आले. "असं कसं झालं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी वाकून प्लास्टिक गोळा करू लागलो. माणिकबाईच पुढे झाल्या. "माह्याच हातानं चुकलं जी. पन्नी नीट नाई लावली मी."

साहेबांची नजर बांधाच्या कडेला गेली. तिथं ताट्यांचा एक बुटका ढीग होता. "आणि ते काय?"

"सरपन हाय, साहेब."

मी जवळ उभा होतो. तुराट्यांच्या फटीतून मला हिरवं पान दिसलं, काळ्या मडक्याचा काठ दिसला आणि एक पांढरं फूलही. माझ्यापासून लपवून त्यांनी बांधालगत एक दहावा वाफा आपल्या रीतीनं राखला होता. मी ती ताटी नुसती उचलली असती, तरी त्यांचं नाव राहिलं असतं. माझं गेलं असतं.

"चला साहेब, उशीर होतोय," मी म्हणालो.

'शेतकऱ्याने सूचना पाळल्या नाहीत,' हे वाक्य अहवालात मीच लिहिलं. त्यांचं नाव प्रकल्पाच्या यादीतून कटलं.

महिनाभरानं तोंड लपवत त्यांच्याकडे गेलो. खरं का नाही सांगितलंत, विचारलं. "तुमी नवे होते," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी गेली असती. मले काय, मडके हायेतच." मग चहा टाकला. तो मी प्यायलोही, इतका मी निर्लज्ज.

पुढच्या हंगामात त्यांचीच रीत मी प्रकल्पात माझी म्हणून मांडली. आता पठारावर गावोगाव काळी मडकी आणि ताट्या दिसतात. लोक त्यांना 'सरांच्या ताट्या' म्हणतात. सर म्हणजे मी. शिकवतो मीच, आणि पडद्यावर जी चित्रं दाखवतो ती माणिकबाईंच्या बांधावरची.

गेल्या आठवड्यात वर्ग घेतला. माणिकबाई पुढच्याच ओळीत होत्या. एका बाईनं विचारलं, "खरंच चालते का हे?" आज सांगूनच टाकू म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात माणिकबाई उठल्या आणि तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चालते व बाई. साहेब बर्फात जाऊन शिकून आले."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पुढचं चित्र लावलं.