मच्छरदाणीतली वधू

घरात एकच मच्छरदाणी असताना ती पतंगांना देऊन स्वतः डासांच्या स्वाधीन होणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं भाग्य. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दोंडाईच्याला कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या ओट्यावर बसतात, नाना कुंपणाच्या कण्हेरीपाशी बसले. तिच्यावरच्या जाड हिरव्या अळ्या आणायच्या, डब्यात वाढवायच्या, त्यांचे छोट्या विमानासारखे पतंग झाले की मच्छरदाणीत सोडायचे, आणि मादी कोणाला पसंत करते ते चहा गार होईपर्यंत बघत बसायचं. शेजारचे आबा कपाशीवाले. ते कुंपणावरून घाबरत विचारायचे, "नाना, बोंडअळी पाळी राहिनात का? आमना कपाशीनं काय व्हई?"

"नही आबा, हाई कण्हेरनी शे. इन्हं लगीन जमाडी राहिनू."

"मंग जेवाले बलावा आमले," असं म्हणून आबा निश्चिंत शेताकडे जायचे.

एकदा नानांनी स्वतःच वर निवडला. अखंड पंख, रंग ताजा, अंगानं भरलेला. मादीजवळ तेवढा एकच ठेवला. ती बया मच्छरदाणीच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसली ती बसलीच. शेवटी अंडी घातली, तीही पोचट, सुरकुतून गेली. दुसऱ्या मादीपुढे नानांनी चार-पाच जण सोडले. तिनं सगळ्यांना तंगवून, पंख फाटलेला एक पसंत केला. त्या अंड्यांतून एवढ्या अळ्या निघाल्या की कुंपणाच्या कण्हेरीला पान राहिलं नाही. तेव्हापासून नाना नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या बैठकीत फाटक्या पंखाची गोष्ट सांगायचे. "आधी मुलीला विचारा," म्हणायचे. वरपक्षाचे लोक पोह्यांची बशी हातात धरून एकमेकांकडे बघायचे, आणि मामी स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात आपटायच्या.

मग वेळ त्यांच्याच मुलीची आली. ती जळगावला बँकेत. नानांनी तिच्यासाठी वरणगावचा, कायम नोकरीचा, उंचापुरा मुलगा हेरला होता. तिनं नाही म्हटलं आणि जळगावातल्या एका सायकलच्या दुकानदाराचं नाव सांगितलं. तो बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगायलाही त्याला वेळ लागायचा. आणि आमचे नाना, जन्मभर मादीची वकिली केलेले, चक्क रुसले. त्या दिवशी मी धुळ्याहून मुद्दाम गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं.

"त्याच्यात काय पाहिलंस तू?" नानांनी विचारलं.

"नाना, मच्छरदाणीतल्या बाईला विचारलं होतं का तुम्ही, फाटका पंखच का म्हणून?"

नानांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तिथं मादी चुकली तर फार तर कण्हेर वाचते. इथं चुकली तर?"

मुलगी उठून त्यांच्याजवळ बसली. "चुकले तर तुमच्याकडेच येईन की," ती म्हणाली. "पण निवडू तर द्या."

लग्न साधेपणानं झालं. जेवायला आबा आले होते, आणि मच्छरदाणीतली नवरी कुठे दिसत नाही म्हणून त्यांनी चौकशीही केली.

परवा संध्याकाळी दोंडाईच्याला गेलो, तर मच्छरदाणी अंगणात गुंडाळून ठेवलेली. नुकतीच बाहेर आलेली एक मादी कण्हेरीच्या पानावर पंख पसरून बसली होती आणि उजेड मावळेल तसे दोन-तीन नर तिच्याभोवती घिरट्या घालू लागले होते. नानांनी खुर्ची उचलली आणि कण्हेरीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून मांडली.

"नाना, बघायचं नाही?"

"तिचं ती बघेल," नाना म्हणाले. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "जळगावची गाडी आली का हो?"