पूर्णेकाठचं गाव

माझे वडील, बाबाजी, भातकुलीकडचे देशमुख. लहानसेच. पाच गावं, मातीची एक गढी आणि दारात मोजके शिपाई, एवढाच त्यांचा मुलूख. अमरावतीत इंग्रजांची कचेरी बसली होती आणि निजामाच्या वेळच्या सनदा तिथं कोण कितपत मानणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातच सातासमुद्रापलीकडे कुठलीशी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या काळ्या रानाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथं आता परके घोडेस्वार थांबून शेतांचे धुरे-बांध न्याहाळू लागले.

बाबाजींना सगळ्यात धास्ती पूर्णेपलीकडच्या देशमुखांची. त्यांचा पसारा अकोल्याकडे, आमच्याहून कितीतरी मोठा. आमच्या नदीकाठच्या गावावर त्यांचा डोळा आहे, असं बाबाजी म्हणत. म्हणूनच त्यांनी मला त्या घरात दिलं. सोयऱ्याच्या गावाला माणूस कसा हात घालील, असं त्यांना वाटलं.

सासरी मी ओसरीवर पाणी घेऊन गेले की बोलणं थांबे. माहेरी आले की हातपाय धुवायच्या आधी बाबाजी विचारत, "तिकडं काय चालू हाय? कोन येते, कोन जाते?" दोन्हीकडे मी पलीकडचीच होते.

नदीकाठच्या गावाचे पाटील बाबाजींचे जुने सोबती. एकदा दरोडेखोर गढीवर चालून आले, तेव्हा हेच पाटील भाला घेऊन दारात उभे राहिले होते. एका पावसाळ्यात ते आमच्या सासरी आले. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नात्यातल्या एका मुलासाठी आपल्या लेकीची सोयरीक घेऊन. मामाजींनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. "पाहू, पुढच्या बाजाराले या," एवढंच. पाटील परत आले, पुन्हा आले. दर वेळी मामाजी त्यांना पोचवायला नदीपर्यंत जात. एवढा मान कशासाठी, ते मला कळेना.

नदीच्या त्या काठावर बाबाजींचे शिपाई असत; दोघं बरोबर आलेले त्यांना दिसत.

पोळ्याला मी माहेरी गेले. नदीकाठच्या गावात तोरणाखालून पाटलांची बैलजोडी पहिली जायची, हे वाडवडिलांपासूनचं. बाबाजी स्वतः तिथं गेले आणि भर गावासमोर त्यांनी पाटलांची जोडी मागं सारून दुसऱ्याच शेतकऱ्याची जोडी पुढं काढायला लावली. शिंगांना बांधलेल्या बेगडाच्या पट्ट्या सोडवत पाटील बैल घेऊन घरी निघून गेले.

हे ऐकलं आणि मी बाबाजींसमोर उभी राहिले. "पाटील सोयरिकीसाठी येतात जी. मी सोता ऐकलं. दुसरं काईच नाही."

बाबाजी माझ्याकडे वळले. "हे तुले कोनं सांगाले लावलं?"

"मले काहून कोनी सांगीन?"

"आता तू त्याईच्या घरची हायेस," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी गाठोडं उघडलं तर लुगड्यांच्या घड्या बदललेल्या. तशी घडी आमच्या घरात एकच बाई घालायची. मी आईकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याईनं पाहाले लावलं माय," ती हळूच म्हणाली, "मी नाही म्हनत होती."

पुढं हिवाळ्यात मोजणीचे साहेब आले. गाव नेमकं कोणाकडं लावायचं, हे ठरवायला चावडीत गावकऱ्यांना बोलावलं. एका बाजूला बाबाजी बसले, दुसऱ्या बाजूला मामाजींचा कारभारी. साहेबांनी आधी पाटलांना विचारलं. तिथं काय झालं ते माझ्या भावानं मला सांगितलं.

"गाव देशमुखायचंच होतं जी," पाटील बाबाजींकडे हात करून म्हणाले. "पन मी त्याईचा मानूस नाही, हे त्याईनंच पोयाच्या दिवशी साऱ्या गावाले दाखवलं. मंग आता मी त्याईच्या वतीनं काय बोलू?"

त्यांच्यानंतर कोणीच तोंड उघडलं नाही. शेतं जो ती कसत होता त्याच्याच नावे चढली. गाव बाबाजींचं उरलं नाही आणि मामाजींनाही मिळालं नाही.

त्या दिवशी मामाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. मी गेले तरी या वेळी त्यांनी बोलणं थांबवलं नाही. "म्या काईच केलं नाही," ते कारभाऱ्याला सांगत होते. "फक्त पाटलाले नदीपर्यंत पोचवत होतो. गाव हाती नाही आलं, ते अलग." कारभारी हसला. माझ्या हातातलं तांब्याचं भांडं मी तिथंच ठेवलं आणि आत गेले. बाबाजींचा संशय खोटा नव्हता. तो भलत्या माणसावर जाऊन बसला होता, आणि कोणावर बसवायचा हे मामाजींना बरोबर ठाऊक होतं.

पाटलांच्या लेकीचं लग्न पुढं बडनेऱ्याकडं झालं. बाबाजींनी गढीवरून तिच्यासाठी हिरवं लुगडं पाठवलं. पाटलांनी ते ठेवून घेतलं, शिपायाला जेवू घातलं. पण गढीवर ते पुन्हा आले नाहीत, आणि त्यांना बोलवायला बाबाजी कधी गेले नाहीत. उरलेल्या गावांच्या पाटलांवर मात्र त्यांनी त्याच वर्षापासून नजर ठेवायला माणसं ठेवली.