मागच्या फाळक्याखालची पायरी

धाकट्या बहिणीच्या घरी नवी पिकअप आली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. ओवा खाऊन थांबेल असलं ते दुखणं नव्हतं. अशा वेळी लोक म्हणतात, आपल्या माणसाचं चांगलं झालं की आनंदच होतो. मीही म्हटलं. तोंडात पेढा होता, त्यामुळे शब्द जरा अडकत बाहेर आले, इतकंच.

पोटात का दुखलं हे कळायला आमच्या दोघींची लग्नं सांगायला हवीत. मला नाशिक रोडचं स्थळ मिळालं. नवरा सरकारी नोकरीत, राहायला क्वार्टर, घरात नळ, ठरल्या तारखेला पगार. थोरलीने नशीब काढलं, असं सगळं गाव म्हणालं. धाकटीला सिन्नरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी दिली, तेव्हा आई मांडवात रडली. लेक सासरी चालली म्हणून थोडी आणि तिथलं ऊन, शेण, विहिरीचं पाणी डोळ्यांपुढे आलं म्हणून जास्त. नव्वदच्या दशकात धाकटी माझ्याकडे यायची ती एसटीने, काखेत मूल आणि हातात कांद्यांची पिशवी घेऊन. जाताना मी तिला माझ्या वापरलेल्या साड्या द्यायचे. ती खूश व्हायची आणि तिला खूश बघून मलाही बरं वाटायचं. आपल्यापेक्षा खाली असलेल्या माणसावर माया करायला काही कष्ट पडत नाहीत.

मग टोमॅटोला लागोपाठ चांगला भाव मिळाला. धाकटीच्या घरावर स्लॅब पडला, मग बोअरला पाणी लागलं आणि दोन हजार सालानंतर कधीतरी पिकअप घ्यायचं ठरलं. कागदपत्रं वाचायला शिकलेला माणूस सोबत हवा म्हणून मेहुण्यांनी आमच्या यांना बोलावलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून शोरूमला गेले आणि संध्याकाळी त्याच गाडीतून परत आले. पुढे खिडकीशी बसून, कोपर बाहेर काढून. जणू गाडी यांनीच घेतली होती.

गाडी गावाकडे जायच्या आधी आमच्या बिल्डिंगखाली थांबली. थोरली बहीण म्हणून औक्षण मलाच करायचं होतं. पांढरीशुभ्र गाडी, काचेला झेंडूचा हार, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. समोरच्या क्वार्टरमधली बाई गॅलरीतून वाकून म्हणाली, "अय्या, तुम्ही घेतलीत?"

"नाही हो, बहिणीकडची," मी म्हटलं.

"हो का? सिन्नरवाल्या बहिणीची?" ती म्हणाली. त्यातला 'सिन्नरवाल्या' हा शब्द तिने इतका लांबवला की माझ्या हातातलं निरांजन विझलं. वाऱ्याने विझलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढचा महिनाभर धाकटीचे फोन येत राहिले. नवी गाडी काही तशीच वापरायची नव्हती. सिन्नरला एका वेल्डिंगवाल्याकडे ती उभी केली होती आणि मेहुणे रोज तिथे जाऊन बसत होते. "ताई, आज मागं हूक बसला. आता फवारणीची पाण्याची टाकी मागं जोडून वढता येती." दोन दिवसांनी, "ताई, वर पाइपाच्या कमानी बसल्या, त्याच्यावर ताडपत्री येनार." मग, "ताई, दोन्ही बाजूंनी फळ्या बसवल्यात. दिवसा बाकडं, रात्री मधी आडवी फळी टाकली का पलंग! चैत्रात देवीच्या यात्रेला गडाला जाऊ ना, तेव्हा खालीच नांदुरीला मुक्काम टाकू. तू आन दाजी येताय बरं का." मी प्रत्येक वेळी "हो का? छान छान" म्हणायचे आणि रिसीव्हर असा ठेवायचे की हे पेपरातून डोकं वर काढून बघायचे.

आमच्याकडे स्कूटर होती. आकाशी रंगाची, लग्नानंतर घेतलेली. हे तिला रोज पिवळ्या फडक्याने पुसायचे, पावसाळ्यात कव्हर घालायचे, रविवारी तिच्याशेजारी पाटावर बसून तिचं काहीबाही काढायचे आणि पुन्हा लावायचे. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायचे. साडीवाल्या बाईला पाय ठेवायला डाव्या अंगाला एक लोखंडी पट्टी बसवतात, ती आमच्या स्कूटरला नव्हती. माझे पाय लोंबकळत राहायचे. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने स्टेपनी घट्ट धरायची आणि द्वारकेच्या चौकात ब्रेक लागला की देवाचं नाव घ्यायचं. ती पट्टी बसवा असं मी यांना किती वर्षं सांगत होते, कुणास ठाऊक. हे म्हणायचे, "बघू." यांचं 'बघू' म्हणजे नाही. पण नाही म्हटलं की भांडण होतं आणि बघू म्हटलं की बायको गप्प बसते, हे यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मला काही पिकअप नको होती. मला एवढंच हवं होतं की या माणसाने एकदा, मी न मागता, माझ्यासाठी काहीतरी सुचून करावं.

चैत्रात ती गाडी आली. पहाटेच सिन्नरहून निघालेली, मागे हुकाला निळी टाकी जोडलेली. फवारणीची टाकी चार वेळा घासून धुऊन त्यात पिण्याचं पाणी भरलं होतं, कारण यात्रेत नांदुरीला पाण्याचे हाल होतात. वर हिरवी ताडपत्री, आत सतरंज्या, उशा, स्टोव्ह ठेवायला पत्र्याची पेटी, कंदील अडकवायला कडी. आरसासुद्धा होता. हे लगेच पुढे मेहुण्यांशेजारी जाऊन बसले. मोठा जावई मागे कसा बसेल! मी, धाकटी आणि पोरं मागे.

मी पदर खोचला, मागच्या चाकावर पाय दिला आणि कठड्याला धरून वर चढायला लागले.

"अगं ताई, तिकडून कुठं? इकडं ये, पायरी हाय की," धाकटी म्हणाली.

मागच्या फाळक्याखाली, म्हणजे गाडीच्या मागच्या पत्र्याच्या दाराखाली, लोखंडाची पायरी होती. चांगली रुंद. वर खरबरीत पत्रा ठोकलेला, पाय घसरू नये म्हणून. बाजूला धरायला वाकवलेली सळई. धाकटी एका हाताने निऱ्या धरून त्यावर पाय ठेवून दोन पावलांत आत गेली, देवळाची पायरी चढावी तशी. कुणाचा हात धरला नाही की कुणाला हाक मारली नाही.

"ही कधी केली?" मी विचारलं. चाकावर तशीच लोंबकळत होते.

"सगळ्यात आधी हीच केली. हे म्हनले, तुला गाडीत चढायला दर टायमाला कुनाचा हात धरायला लागतो, ते मला नाय आवडत. गोठ्याच्या भिंतीशी मला उभं केलं, साडीत पाय कुठवर उचलतो बघितलं आन विटकरीच्या तुकड्यानं खूण केली. त्या मापानं पायरी." सांगताना ती लाजली. लग्नाला एवढी वर्षं झालेली, दोन पोरांची आई, आणि लाजली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्लॅब पडला तेव्हा मला जे झालं नव्हतं, पिकअप आली तेव्हाही झालं नव्हतं, ते त्या पायरीने झालं. मी चाकावरूनच आत चढले. साडीच्या काठाला ग्रीस लागलं. मुद्दाम लावून घेतलं म्हणा हवं तर.

दिंडोरी गेलं, वणी आलं. वाटेत चहाला थांबलो, लिंबू सरबताला थांबलो, पोरांसाठी थांबलो. दर वेळी मी चाकावरून उतरले आणि चाकावरूनच चढले. धाकटी दर वेळी म्हणायची, "ताई, पायरी." मी म्हणायचे, "मला सवय आहे." कसली सवय होती मला? आयुष्यात कधी ट्रकमध्ये चढले नव्हते.

नांदुरीला एका शेतात चिंचेखाली गाडी लावली. मेहुण्यांनी ताडपत्री एका बाजूने सोडून दोन काठ्यांवर ताणली, की झाली ओसरी. आजूबाजूला खानदेशातून चालत आलेली माणसं बसली होती, पाय सुजलेली. त्यांच्या बायका कळशा, बाटल्या घेऊन आमच्या टाकीच्या नळाशी आल्या. धाकटी फळीवर बसून "घ्या माय, घ्या, लय पानी हाय" असं सांगत होती. तिच्या अंगावर माझीच जुनी अबोली साडी होती. माझ्या अंगावर असताना ती मला कधी इतकी चांगली दिसली नव्हती.

भाकरी, पिठलं, ठेचा असं जेवण होतं. हे सगळ्यांआधी उरकून, बोटं चाटत गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि साडूला म्हणाले, "माणूस कल्पक आहात हो तुम्ही! ती मागची पायरी तर फारच उत्तम. बायकामाणसांची केवढी सोय झाली!"

मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आणि आपल्या स्कूटरला पट्टी?" मी म्हटलं.

"स्कूटरचं वेगळं असतं गं," हे म्हणाले. "एका बाजूला वजन पडलं की बॅलन्स जातो."

"आणि मी बसते ते दोन्ही बाजूंना बसते का?"

मेहुणे ताट घेऊन हात धुवायला उठले. धाकटीने मला दुसरी भाकरी वाढली. हे हसले, आणि पाणी मागितलं.

सकाळी टाकी हुकातून काढून तिथेच ठेवली आणि गाडी घाट चढून गडावर गेली. गर्दीत ढकलत ढकलत आम्ही देवीपुढे पोचलो. माझ्या पुढची बाई मुलगा मागत होती, मागची बाई दारू सुटू दे म्हणत होती. मी हात जोडले आणि डोळ्यांपुढे आली ती लोखंडी पट्टी. देवीआईसमोर उभं राहून मी स्कूटरचा पार्ट मागितला. तेवढ्यात पुजाऱ्याने पुढे ढकललं, त्यामुळे मागणं पुरतं पोचलं की नाही ते देवीलाच माहीत.

परतीला सगळे पेंगत होते. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, लहानपणी झोपायची तशी. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. दिलं नाही, पण वाटलं. मी समोरच्या आरशात बघत बसले. त्या हलत्या आरशात आम्हा दोघींची तोंडं शेजारी शेजारी दिसत होती. आई म्हणायची, एका साच्यातून काढल्यात. मग दोघींच्या नशिबाला साचे वेगळे कुठून आले, असं मला विचारावंसं वाटत होतं. पण आई वरती गेली त्याला वर्षं झाली होती आणि देवीकडे पुन्हा रांग लावायची माझी तयारी नव्हती.

दिवेलागणीला गाडी आमच्या बिल्डिंगखाली थांबली. पुढचं दार उघडलं, हे उतरले, आळस दिला, "या बरं का चहाला" असं गाडीच्या छताकडे बघून म्हणाले आणि जिना चढून वर गेले. मागे कोण आहे, काय आहे, पिशव्या किती आहेत, काही नाही. मी पदर खोचला आणि चाकाच्या बाजूने पाय टाकला.

तेवढ्यात मेहुणे मागे आले. त्यांनी फाळका उघडला, एका हाताने माझ्या पिशव्या घेतल्या आणि खाली बघत म्हणाले, "ताई, पायरीवरून उतरा की. तुम्ही दोघी बहिनी एकाच उंचीच्या हाय. खूण करतानाच मी म्हनलं, यात्रेला ताई बी येतील, त्यास्नी बी जमलं पायजे. हिला म्हनलं, जरा ताईसारखी साडी नेस आन मंग पाय उचल. तुम्ही जरा खाली नेसता ना."

माझी साडी किती खाली येते, हे माझ्याबरोबर राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं असतं का? मी फाळक्याकडे आले, सळई धरली आणि पायरीवर पाय ठेवला. साडी जरासुद्धा वर उचलावी लागली नाही. पाय बरोबर बसला. तो बरोबर बसला याचाच मला राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं.

वरून हाक आली, "अगं ए! किल्ली तुझ्याकडे आहे ना? मी दाराशी उभा आहे."

किल्ली माझ्या कमरेलाच होती. धाकटी जागी होऊन म्हणाली, "ताई, दाजी बोलावताहेत."

"उभे राहू देत," मी म्हटलं आणि त्या पायरीवरच बसले. "तू ये इकडे, सरक. जरा बसू दोघी."