होमपेजच्या वर मावशी

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. वडील समतेसाठी लढणाऱ्या एका संघटनेचे साधे कार्यकर्ते. सायकलच्या हँडलला खळीचा डबा, मागे कॅरिअरवर मी. पालमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर पत्रक डकवून झालं की ते मला मोठ्यानं वाचायला लावत. तेव्हा पत्रकाच्या माथ्यावर मागणी असायची, एका ओळीत, जाड टायपात. नावं तळाशी, डोळे ताणून वाचावी इतकी बारीक.

मी मोठी होता होता नावं वर सरकत गेली. मग चेहरे आले. मागणी आधी मधे गेली, मग खाली, आणि शेवटी छापायचीच राहू लागली.

संघटनेनं वेबसाइट काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे दिलं, कारण मी परभणीला कॉम्प्युटर शिकले होते. मी लगेच हो म्हटलं, कारण डोक्यात मावशी होती.

मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, राणीसावरगावच्या पुढं एका खेड्यात राहते. तिथं आमच्या बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीकडं जाणारी वाट एका शेतमालकानं तारेचं कुंपण घालून बंद केली. मावशीचा नवरा गेला तेव्हा ओढ्याला पाणी होतं. लोकांनी तिरडी त्या पाण्यातून नेली. हे सगळं मावशीनं मला सांगितलं, आणि मी तिच्याच बोलीत टाइप करून वेबसाइटवर आतलं एक पान केलं. गावाचं नाव, वाटेचा फोटो, कुंपणाचा फोटो.

होमपेजवर मात्र अध्यक्षांच्या आग्रहानं संघटनेचं पत्रक आलं. आधी मी पदाधिकाऱ्यांची नावं टाइप केली होती. तर रोज कोणाचा तरी फोन. ‘आमचं नाव त्यांच्या खाली कसं?’ मी नावं हलवायची, की दुसरा रुसायचा. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, छापलेल्या पत्रकाचा फोटोच लाव. फोटोतलं नाव कोणाच्या बापाला खाली-वर करता येत न्हाई.’

मी फोटो लावला. भांडण मिटलं.

पुढं अध्यक्ष जिंतूरला एका लग्नाला गेले. पाहुण्यांना दाखवायला त्यांनी मोबाईलवर संघटनेचं नाव टाकून शोधलं. होमपेज आलंच नाही. आली ती मावशी.

तातडीची बैठक लागली. अध्यक्षांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. ‘संघटनेचं नाव टाकलं तर ही म्हातारी यायलीय. आमी कुठं हावत?’

‘आपल्याला दाबायलेत,’ उपाध्यक्ष म्हणाले. ‘निषेधाचा ठराव घ्या.’

ठरावाचा मसुदा सुरूसुद्धा झाला. मी थांबवलं. म्हटलं, ‘कोणी दाबलं नाही. शोधणारं यंत्र लिहिलेले शब्द धरून पानं शोधतं. होमपेजवर शब्दच नाहीत, नुसतं चित्र आहे. पानाचं शीर्षकसुद्धा आपण “होम” एवढंच ठेवलंय. मावशीच्या पानावर शब्द आहेत, त्यात संघटनेचंही नाव आहे, म्हणून तेच समोर येतं.’

‘मग उपाय?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘फोटो काढू. वर एका ओळीत मागणी लिहू: स्मशानभूमीची वाट मोकळी करा. खाली संघटनेची माहिती. त्याच्या खाली नावं.’

मग उपाध्यक्ष हसले. ‘खाली? मंजी आमी नुसत्या सतरंज्या उचलायच्या का?’

‘सोपं हाय की,’ कोपऱ्यातून एक जण बोलला. ‘त्या मावशीचंच पान काढून टाका. मंग आपलंच येतंय.’

मी हसले. मला तो विनोद वाटला. बाकी कोणी हसत नव्हतं.

मी सांगितलं, ते पान वाचून बाहेरगावच्या एका वकिलांनी फोन केलाय, वाटेचे कागद मागवलेत, पान राहू द्या म्हणालेत. समतेवर तास तास भाषणं ठोकणारी ही माणसं माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी त्यांच्या ताटात केस टाकला होता. अध्यक्ष म्हणाले, ‘बघू.’

त्यांनी बघितलं. त्यांच्याकडं पासवर्ड होता. पान गेलं, माझा पासवर्डही बदलला, आणि होमपेजचं शीर्षक म्हणून संघटनेचं नाव आणि अध्यक्षांचं पदासकट पूर्ण नाव आलं. आता शोधलं की होमपेज पहिलं येतं. नावांचा क्रम जसाच्या तसा.

वकिलांचा फोन आला. ‘पान दिसत नाही. तुमच्या मावशींनी तक्रार मागं घेतली का?’ मी नाही म्हटलं. पण गावात शेतमालकानं तेच पसरवलं होतं: म्हातारीनं शब्द मागं घेतला, मोबाईलमधून खोडला, खोटं नसतं तर खोडलं असतं का?

मी संघटना सोडली. मावशीचं सांगणं माझ्या स्वतःच्या ब्लॉगवर पुन्हा टाकलं, माथ्यावर मागणी, एका ओळीत. ते अजून शोधात येत नाही. येईल, वेळ लागतो, असं मी वकिलांना सांगते. मावशीला सांगायला मात्र गावी गेले.

ती ओट्यावर तूर पाखडत होती. लोकांचं बोलणं तिच्या कानावर आलेलं होतं.

‘माय, माझं बोललेलं खोडलं म्हनं?’

‘हो.’

‘त्यानंच खोडलं आसंल. कुंपणवाल्यानं.’

‘नाही मावशी. आपल्याच लोकांनी.’

सूप तिच्या हातात तसंच थांबलं. कुंपण ओट्यावरून दिसतं. ती तिकडं बघत राहिली.

‘मंग आता त्याला कोन्या तोंडानं बोलावं?’ ती म्हणाली.